यर्नेयचं बाकडं

दार लोटा आणि जवळ सरका, पोरांनो. ही गोष्ट लोव्रोची. तो माझा लहानपणचा दोस्त आहे, आणि त्याच्या नावावर थापा मारण्याइतका मी अजून बिघडलो नाही.

लोव्रो ब्लेड गावच्या तळ्यावरून व्हॅन भरून पाहुणे आणायचा. तळं, बेट, बेटावरचं चर्च बघून झालं, की 'चला, आता खरं खेडं दाखवतो' म्हणत थेट स्वतःच्या अंगणात. तिथं मधमाश्यांचं लाकडी घर. पेट्यांच्या फळ्यांवर जुनी रंगीत चित्रं. एकीवर तर सैतान भांडकुदळ बाईची जीभ सहाणेवर घासतोय! शेजारी बाकडं, आणि बाकड्यावर लोव्रोचा बाप, यर्नेय.

आपली रीत तुम्हाला ठाऊकच आहे. घरधनी गेला, की वारसानं पेटीवर तीनदा टकटक करून माश्यांना सांगायचं. नाही सांगितलं तर त्या झुरून जातात. लोव्रो पाहुण्यांना हे करूनच दाखवायचा. टक टक टक! 'तुमचा धनी वारला!' की बाकड्यावरून म्हातारा ओरडायचा, 'अरे, हा काय, इथं बसलोय!' हशा पिकायचा. मग म्हातारा मधाच्या दारूचा पेला एका घोटात रिकामा करायचा आणि बाकड्यावर पालथा घालायचा. 'झालं, आजचं दुकान बंद.'

लोव्रोची बायको नेझा चिडायची. 'शुभ बोला की जरा! मरणाची कसली थट्टा?'

'अगं, रोज मरतोय म्हणून तर ठणठणीत आहे,' म्हातारा म्हणायचा.

मार्चमध्ये तो खरंच गेला. नेझानं त्याचा पेला शवपेटीत त्याच्या हाताशी ठेवला. लोव्रो रडला नाही. त्यानं खांदा दिला, लोकांना जेवू घातलं आणि आठवड्यानं व्हॅन काढली. कुणी काही विचारलं तर 'हो', 'नाही'. माणसाचा नुसता दगड झाला होता. माश्यांना सांगायचं तेवढं राहिलं. 'रोजच तर सांगत होतो,' म्हणाला.

जून लागेपर्यंत एकेक करत पेट्या ओस पडल्या. एकच उरली, तीही मलूल.

'ही गेली, तर बाबांचं या घरात काहीच उरणार नाही,' नेझा म्हणाली. 'खेळात शंभरदा सांगितलंस. आता एकदा खरं सांग.'

ती रात्र तेवीस जूनची, सेंट जॉनच्या सणाच्या आदल्या दिवसाची. टेकडीवर सणाची होळी पेटली होती, सगळा गाव तिकडे. लोव्रो एकटाच अंगणात उतरला. त्याला भीती वाटत नव्हती. काहीच वाटत नव्हतं. त्यानं पेटीवर बोट वाजवलं.

टक. टक. टक.

'तुमचा धनी वारला.'

आतली गुणगुण थांबली. पाठीमागे बाकडं करकरलं...

'अरे, हा काय... इथं बसलोय.'

लोव्रोची मान वळेना.

'बाबा... या वेळी... खरंच.'

बाकडं पुन्हा करकरलं.

'खरंच?'

'हो.'

'मग मला का नाही रे सांगितलंस?'

तिथं लोव्रो फुटला. मार्चपासूनचं सगळं एकदम बाहेर आलं. पेटीला कपाळ टेकून तो लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. 'जमलंच नाही, बाबा... तोंडातून निघेचना.'

हळूहळू पेटीत गुणगुण सुरू झाली. तो वळला तेव्हा बाकडं रिकामं होतं.

सकाळी नेझा बाहेर आली. पेटीच्या तोंडाशी माश्यांची नुसती झुंबड, जणू मधले महिने गेलेच नाहीत. ती हसली, नवऱ्याला हाक मारायला वळली आणि बाकड्यापाशी थबकली.

बाकड्यावर म्हाताऱ्याचा पेला होता, पालथा. तिनं तो उचलून पाहिला.

आतून ओला होता.