वीज आली की वेझी खोकतो

हे मी रंगवून सांगत नाहीये. रंगवावं असं यात सुखाचं काही नाहीच.

मलावीत, म्झुझू शहराच्या चिबावी वस्तीत आमचं घर. गोष्ट गेल्या ऑगस्टमधली. रात्र नव्हती. भर दुपार होती, आणि नेहमीसारखी वीज गेलेली होती.

माझा धाकटा भाऊ वेझी तेव्हा नुकताच गेला होता. छातीच्या दुखण्याने.

त्याला कोडिंगचा नाद. नोकरी नव्हती, नुसता नाद. त्याच्यासारखी हौशी पोरं शनिवारी चर्चमागच्या खोलीत जमायची. आपापले छोटे प्रोग्रॅम ग्रुपवर टाकायची. ज्याला हवा त्याने फुकट घ्यावा. फक्त लिहिणाऱ्याचं नाव खाली राहू द्यायचं.

वेझीने एक आईसाठी बनवला होता. जुना फोन चार्जरला लावून ठेवायचा. वीज आली की बेल वाजते. म्हणजे पिठाची गिरणी सुरू झाली, आईने मका घेऊन निघायचं. बस्स, एवढंच.

मायामिको त्याचा मित्र. आमच्याच घरी मक्याच्या पिठाची न्सिमा खाऊन मोठा झालेला. वेझी इस्पितळात असताना त्याने तो प्रोग्रॅम एका कंपनीत स्वतःचा म्हणून दाखवला. नोकरी लागली. ग्रुपवर अभिनंदनाची रांग.

वेझीने खाटेवरून एकच ओळ लिहिली. 'खाली माझं नाव होतं.'

एकाने अंगठा तेवढा टाकला.

मायामिको दफनाला आला. रडला. जेवूनही गेला.

तर ती दुपार. आई आणि मी ओट्यावर शेंगा सोलत होतो. वीज आली. आणि आतून...

खोकला.

मग बेल.

कोरडा, मध्येच अडकणारा खोकला. आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. आम्ही एकमेकींकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग ते रोजचंच झालं.

कोडमधलं मला काय कळतं? कळणारा एकच माणूस ओळखीचा होता. मी मायामिकोला बोलावलं. कंपनीचा शर्ट घालून आला. आईने त्याला चहा दिला. हो, दिला.

त्याने फोन उघडून सगळं वाचलं. म्हणाला, यात बेलचाच आवाज आहे, माणसाचा कुठेच भरलेला नाही. तो हे सांगत होता तेवढ्यात वीज आली.

खोकला... बराच वेळ चालला. आणि मग, अगदी हळू...

"आई."

आईने कमरेचं कापड तोंडात धरलं.

मायामिको चहात पाव बुडवत होता.

"ऐकलंस?" मी विचारलं.

"बेल ना? ऐकली की."

मी त्याचा चेहरा निरखून पाहिला. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच काही ऐकू आलं नव्हतं.

"हा प्रोग्रॅम लिहिलाय कुणी, मायामिको?"

"ताई, ग्रुपवरचा कोड तो. कुणा एकाचा थोडाच असतो?"

कप ठेवून तो निघाला. ऑफिसला उशीर होत होता.

त्या संध्याकाळी मी घाबरून प्रोग्रॅमच काढून टाकला. दुसऱ्या दिवशी वीज आली. बेल वाजली नाही...

खोकला आला.

मी फोन फेकायला उचलला, तर आईने माझं मनगट धरलं. "राहू दे," ती म्हणाली. "जिवंत होता तेव्हा कोण ऐकत होतं त्याचं?"

मायामिकोला आता बढती मिळाली आहे. झोप छान लागते म्हणे त्याला.

वीज गेली की सगळी चिबावी शिव्या देते. आमची आई तेवढी खुर्ची ओढून फोनपाशी बसते. वीज यायची वाट बघत.

मी अंगणात निघून जाते. पण परवा 'आई' म्हणून झाल्यावर तो थांबला नाही. त्याने माझंही नाव घेतलं.

मी ओ दिली नाही.