गुंडाळलेला ताड

“हायड्रोजन पेरॉक्साइड. असतील तेवढ्या बाटल्या द्या.”

रालित्सानं मान वर केली. औषधाच्या दुकानात, काउंटरपलीकडे एक उंच तरुण पावसानं निथळत उभा होता. अंगात ट्रॉलीबसच्या चालकाचा निळा कोट.

“एवढं? जखम कुणाला झालीय... घोड्याला?”

“माझ्या ताडाला,” तो गंभीरपणे म्हणाला. “थंडीनं मधला पोगा, नव्या पानांचा कोंब, सडलाय. कूज धुवायला हवी.”

रालित्सा हसली असती — पण तिच्याही अंगणात एक कमरेएवढा ताड होता, आईनं शेवटच्या शरदात लावलेला. डॅन्यूबकाठच्या रुसे शहराच्या थंडीत ताड जगतो का कधी, म्हणून सगळी गल्ली आईला हसायची. आई गेली. पहिला बर्फ पडला तसं रालित्सानं झाड कापडात गच्च गुंडाळलं... आणि मग आत डोकावायचं धाडस तिला झालंच नाही.

तिनं हे का कोण जाणे, त्याला सांगून टाकलं.

“उघडून बघा,” तो हळूच म्हणाला. “आत ओल कोंडते. थंडीपेक्षा तीच घात करते.”

“बघीन... पुढच्या आठवड्यात.”

पुढच्या आठवड्यात तोच आला, घशाच्या गोळ्या घ्यायला. मग जवळजवळ रोजच गोळ्या. नाव कामेन.

“घसा तर ठणठणीत दिसतोय तुमचा.”

“गोळ्यांचा गुण. बंद कशा करू?”

मार्च लागला, मनगटामनगटांवर वसंताच्या स्वागताचे लाल-पांढरे दोरे आले. कामेननंही एक आणला. तिच्या हाताला बांधताना गाठ मारायला त्याला जरा जास्तच वेळ लागला. आपली नाडी त्याच्या बोटांना कळतेय, या भीतीनं तिनं हात ओढून घेतला.

“तुम्ही रोज येऊ नका.”

“का?”

“सवय लागेल. आणि मग एक दिवस...”

“मलाही त्या ताडासारखं गुंडाळून ठेवलंत,” तो म्हणाला. हसून म्हणाला, पण डोळे हसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्यानंतरही नाही. दुकानाचं दार वाजलं की ती झटकन मान वर करायची. दुसराच कुणीतरी असायचा.

शेवटी एका रविवारी दुपारी ती त्याच्या ट्रॉलीबसमध्ये चढली आणि शेवटच्या थांब्यापर्यंत उतरलीच नाही. सगळे उतरल्यावर पुढे गेली.

“आज ताड उघडायचाय,” ती म्हणाली. “एकटीनं नाही होणार. येशील?”

पाळी संपवून तो सोबत निघाला.

डॅन्यूबवरून बोचरा वारा येत होता. कापड सुटलं. पानं तपकिरी, भिजलेली. कामेननं पोग्याकडे बोट दाखवलं. “ओढून बघ. घट्ट राहिला, तर ठीक.”

“तू ओढ.”

“नको. झाड तुझं आहे.”

तिनं डोळे मिटून ओढलं. पोगा अलगद हातात आला... खालचं टोक काळं, चिकट. कुबट वास सुटला. रालित्सा तिथेच चिखलात बसली आणि आई गेल्यापासून दाबलेलं सगळं रडून मोकळी झाली. मग पोग्याच्या रिकाम्या जागी त्यानं, तिनं दुकानातून आणलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं. आत फेस फसफसला.

“वाचेल?”

“माहीत नाही. खोटं कशाला सांगू?”

“आणि नाही वाचला तर... तू यायचा थांबशील?”

“रालित्सा,” तो तिच्याशेजारी चिखलात बसला, “मी ताडासाठी येत होतो, असं वाटलं तुला?”

तिनं मातीनं माखलेला हात त्याच्या हातात दिला आणि तसाच राहू दिला.

मे संपत आला तरी झाड ढिम्म. रोज सकाळी ती भीतभीत वाकून बघायची. आणि एका सकाळी शेंड्याच्या मधोमध हिरवं टोक दिसलं... वाकडं, अर्धवट कापल्यासारखं. तिनं त्याला फोन केला. चहा अर्धवट टाकून तो धावत आला.

“जगला,” तो म्हणाला.

“पण पुढच्या हिवाळ्यात परत गोठला तर? कामेन, माझं तुझ्यावर प्रेम आहे आणि... मला फार भीती वाटते.”

“मलाही वाटते,” तो म्हणाला. “मी एकट्यानं घाबरून कंटाळलोय. आता दोघं मिळून घाबरू.”

ती ओल्या डोळ्यांनी हसली, आणि त्याला हाताला धरून घरात घेऊन गेली.