चिंचोक्याएवढं दिल

"अरे मेलंय ते! उतर खाली, सुशांत!" कड्याच्या काठावरून तानाजीकाका बोंबलले.

"तुम्ही नका शिकवू! तीन दिवस शोधताय, दिसलं कोणाला? मलाच ना?" सुशांत फांदीवरूनच खेकसला. खाली बघितलं नाही. खाली चाळीस फूट नुसता कातळ होता!

शीळफाट्यावर तस्करांची गाडी पकडली, त्या गडबडीत पिंजरा फुटला आणि एक लोरिस मागच्या डोंगरात निसटलेलं. खारीएवढा जीव, टपोरे डोळे, झाडावर चालतो इतका हळू की बघणाऱ्यालाच जांभई यावी. मूळचा पार दक्षिणेतल्या जंगलातला. त्याला जिवंत परत न्यायचं, एवढ्यासाठी तिघं डोंगर तुडवत होते. प्राण्यांच्या डॉक्टर संचिता, डोंगराची वाट न् वाट ठाऊक असलेले तानाजीकाका, आणि नववीत शाळेला रामराम ठोकून दिवा गावात चिकनच्या दुकानावर लागलेला सुशांत. त्याची नजर घारीची, म्हणून मॅडमनी त्याला घेतलेलं. डोकं मात्र तापलेला तवा!

तिसऱ्या सकाळी, थंडीने बोटं आखडलेली असताना, त्यालाच ते दिसलं. कड्याबाहेर वाकलेल्या उंबराच्या टोकाला करड्या लोकरीचा गुंडा.

आता तो गुंडा हाताशी होता. गार. हलत नव्हता. फांदी करकरली!

"मॅडम, घट्ट धरून बसलंय! म्हणजे जिवंत ना?"

"पकडीवर जाऊ नको! त्याच्या हातापायांत बारीक रक्तवाहिन्यांच्या जुड्या असतात, झोपेतही पकड सुटत नाही, मेल्यावरही राहू शकते. हृदय बघ!"

सुशांतने बरगड्या संपतात तिथे दोन बोटं दाबली. रोज शेकडो कोंबड्या साफ करणारी बोटं, दिल कुठे असतं ते त्यांना डोळे मिटून ठाऊक. काहीच नाही. पुन्हा दाबलं. काहीच नाही.

"नाही ओ मॅडम..." त्याचा आवाज चिरकला.

"झालं समाधान? ये आता, फांदी जाईल!" काका ओरडले.

"थांब! कुठे दाबतोयस?" संचिताने विचारलं.

"कलेजीला लागून!"

"अरे, ती कोंबडी नाही! याच्या आत आडवा पडदा असतो. कलेजी पडद्याखाली, हृदय वर, दोन फुप्फुसांच्या मधे. त्याचं कोपर छातीला टेकतं तिथे, जरा डावीकडे. चिंचोक्याएवढं असेल. दाबू नको, नुसतं बोट टेकव!"

सुशांतने श्वास रोखला. बोट वर सरकवलं. टेकवलं.

काही नाही.

मग... टुक.

बऱ्याच वेळाने अजून एक. टुक.

"चालूय!" तो किंचाळला. "स्लो आहे, पण चालूय!"

"बोटं सोडवत बसू नको! डहाळीसकट आण!"

काकांचा कोयता त्याच्या कमरेला होता. खट! खट! डहाळी तुटली. लोरिस शर्टाच्या आत गेलं. आणि फांदी बुंध्यापाशी चिरली! सुशांत मागे झेपावला. एक पाय हवेत! तानाजीकाकांनी पोटावर पडून त्याचं मनगट धरलं आणि सगळा जीव लावून खेचलं. दोघेही कातळावर आपटले.

"गाढवा!" काका धापा टाकत म्हणाले, आणि अंगातला स्वेटर काढून त्याच्या छातीभोवती गुंडाळला.

संचिताने शर्टात स्टेथोस्कोप सरकवला. बराच वेळ ऐकलं. "वाढतोय ठोका. हळूहळू ऊब मिळायला हवी. औषधं खाली गाडीत आहेत. पण तू आधी बस, गुडघा फुटलाय तुझा."

सुशांत उठलासुद्धा.

"तुम्ही बसा. मला याला घेऊन गाडीकडे निघायचंय आता."