चौथी साखळी

आमचं काम सांगायला सोपं. किनाऱ्यापासून दूर, भर समुद्रात एक तरंगता धक्का आहे. मोठी जहाजं त्याला येऊन लागतात, तेल उतरवतात आणि चालू पडतात. हा धक्का वाहून जाऊ नये म्हणून त्याच्या सहा बाजूंनी सहा साखळ्या तळापर्यंत सोडल्यात. प्रत्येकीच्या टोकाला एक नांगर, चिखलात रुतलेला. त्या साखळ्यांवर नजर ठेवायची, एवढंच. लोक विचारतात, कंटाळा येत नाही का? येतो की! कंटाळ्याचाच पगार देतात आम्हाला.

साखळी तपासायला यंत्रं आहेत, पण माझा भरवसा तळहातावर. साखळीवर हात ठेवायचा आणि गप्प उभं राहायचं. खाली नांगर सरकत असला तर साखळी थरथरते. पक्का असला तर हाताला काहीच लागत नाही. धाकटा मला यावरून छळतो. "दादा, नाडी बघून झाली असेल तर औषध लिहून दे आता."

धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ, आमचा पाणबुड्या. आई गेल्यावर मीच त्याला वाढवला आणि या धंद्यात ओढलाही मीच. त्याचं लग्न झालं तेव्हा भावजयीनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "भावोजी, त्यांचा दोर तुमच्याच हातात असू द्या." तेव्हापासून तो पाण्यात असताना त्याच्या कमरेला बांधलेला दोर मी दुसऱ्या कुणाला धरू दिलेला नाही.

त्या दिवशी सकाळी चौथी साखळी ताठ होती. वारा नाही, लाट नाही, बाकीच्या पाच साखळ्या सैल लोंबताहेत आणि ही बया ताणलेली. मी हात ठेवला. थरथर नव्हती. थोड्या थोड्या वेळानं एक हलकी ओढ येत होती. ओढ यायची, थांबायची, पुन्हा यायची. गाठ पक्की बसली का ते बघायला आपण दोरी ओढून बघतो ना, तशी.

"चिखल खचत असेल," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"मग बघूनच येतो," म्हणून धाकट्यानं हवेची नळकांडी पाठीवर चढवली.

पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून आम्ही दोरानं बोलतो. मी एक हिसका दिला की त्याचा अर्थ, ठीक आहेस ना? त्यानं एक हिसका परत दिला की, ठीक. उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारायचं. तरीही आलं नाही तर डोकं चालवत बसायचं नाही, हातावर हात टाकत माणूस वर ओढून घ्यायचा.

तो खाली गेला. मी विचारलं, उत्तर आलं. पुन्हा विचारलं, आलं. आता धाकटा उत्तर द्यायला पहिल्यापासून आळशी. पण मघापासून मी दोर हलवतो न हलवतो तोच खालून हिसका येत होता. म्हटलं, शहाणपण आलं वाटतं! मनातून मात्र मला ते आवडलं नाही.

तेवढ्यात मागून आमची ने-आण करणारा बोटवाला ओरडला, "अहो, हा इकडून कुठून वर आला?"

वळून पाहिलं तर धक्क्याच्या दुसऱ्या टोकाच्या शिडीवरून धाकटा वर चढत होता. कमरेला दोर नव्हता.

माझ्या हातातल्या दोरानं एक हिसका दिला.

मला त्याला थोबाडावंसं वाटलं आणि मिठीही मारावीशी वाटली. "दोर सोडलास? अक्कल गहाण टाकलीस का?"

"नांगरात अडकला होता, निघेना." त्यानं पाठीवरची नळकांडी उतरवली. "दादा, आपली साखळी नांगरापाशी संपते ना?"

"मग कुठे संपणार?"

"संपत नाही. नांगराच्या पलीकडून दुसरी जोडलीये. उतारावरून खाली अंधारात गेलीये, ताठ. दोराचं सोडलेलं टोक हरवू नये म्हणून मी ते तिच्याच कडीत अडकवलं."

"बुडालेल्या जहाजाची असेल," बोटवाला पुटपुटला.

"नवी आहे. गंजाचा ठिपका नाही. कडी एवढी मोठी की मी आतून पोहून गेलो असतो." तो माझ्याकडे बघेना. "मला वाटलं, आपण उगाच समजतो की आपण नांगर टाकलाय. पण टाकलाय दुसऱ्याच कुणीतरी. आपण नुसते त्याची खूण म्हणून वर तरंगतोय."

दोराला पुन्हा हिसका बसला. या वेळी मी काही विचारलंच नव्हतं. खालूनच कुणीतरी विचारत होतं.

मी उत्तर दिलं नाही.

पुन्हा हिसका.

मग दोर माझ्या मुठीतून निघू लागला. सावकाश, थांबून थांबून, हातावर हात टाकत ओढावा तसा.

"दादा!"

धाकटा हलत होता. चालत नव्हता. पावलं जुळलेली, टाचा टेकलेल्या, आणि दोराच्या प्रत्येक ओढीबरोबर तो ओल्या पत्र्यावरून कडेकडे सरकत होता. बोटवाल्यानं त्याला मागून मिठी घातली. दोघेही सरकले.

मी मूठ आवळली आणि एक हिसका दिला. ठीक.

दोर थांबला. धाकटाही थांबला.

"कापा तो!" बोटवाला सुरी उपसत किंचाळला.

"कापल्यावर उत्तर कोण देणार?"

त्यानं सुरी खाली ठेवली.

मी त्याला सांगितलं, याला तडक घरी ने, वाटेत कुठे थांबू नकोस. धाकटा जायला तयार नव्हता. मी त्याला शिव्या घालून बोटीत बसवला. बोट दिसेनाशी झाली तसं मला रडूच कोसळलं.

मग मी एकटाच बसलो. हिसका आला की उत्तर द्यायचं. हात सोलवटले तरी मी दोर सोडला नाही. एकही उत्तर चुकवलं नाही, देवाशपथ.

ऊन कलताना हिसके थांबले. दोर सैल पडला. सुटलो, असं वाटलं. तेवढ्यात फोन वाजला. भावजय होती.

"भावोजी, हे आले हो सुखरूप. जेवले आणि पडलेत."

"झोपला?"

"गाढ. तुम्ही कसली एवढी काळजी करता?" ती हसली. "एक विचारू? आपला पलंग भिंतीला लावलेला आहे ना? मघाशी बघते तर खोलीच्या मधोमध. हे काही उठलेले नाहीत."

"त्याला उठव. आत्ताच्या आत्ता उठव."

"हाका मारतेय मघापासून. उठत नाहीत."

माझ्या हातातला दोर सैलच होता, पण तिच्या मागे फरशीवर पलंगाचे लोखंडी पाय घासल्याचा आवाज आला. थांबला. मग पुन्हा आला.