अधूनमधून अडखळतो

तेमिरताऊ शहरातल्या बसथांब्यावर त्या दुपारी बोचरा, ओलसर बर्फ पडत होता, आणि तोग्झान कॉम्प्युटरचा जडशीळ डबा छातीशी कवटाळून उभी होती. डब्याभोवती तिने स्वतःची लोकरी शाल गुंडाळली होती. स्वतःचे केस भिजले तरी चालतील, पण त्याला थेंब लागता कामा नये... त्याच्यावर ती कितीही चिडलेली असली तरी.

बस आली. पायरीवर पाय ठेवताना डबा एकदम हलका झाला. तिने मागे पाहिलं. उंच, सडसडीत अशा एका तरुणाने खालून हात लावला होता. पापण्यांवर बर्फाचे कण, आणि नजर डब्यावर.

"सोडा. मी धरते."

"तुम्हीच धरा. मी नुसता आधार देतोय."

दोघं मागच्या बाकावर बसले, डबा दोघांच्या गुडघ्यांवर. गाडी सुरू झाल्यावर त्याने विचारलं, "दुरुस्तीला?"

"दुरुस्तीला नाही, भांडायला," तोग्झान म्हणाली, आणि मग तिचा बांध फुटलाच. "शरद ऋतूत घेतलाय. नवा कोरा. गेम चालू केला की मस्त पळतो, आणि मग मध्येच अडखळतो. क्षणभर. शत्रू समोर, माझी बंदूक तयार, आणि पडद्याला उचकी लागते. तेवढ्यात मी मेलेली असते. विभागाच्या स्पर्धेला आमची टीम उतरणार होती. कॅप्टन म्हणतो, अडखळतोय तो कॉम्प्युटर नाही, तू. त्याने मला बाहेर बसवलंय. आणि दुकानवाल्यांकडे नेला की तिथे हा एकदाही अडखळत नाही."

"एकदाही नाही?"

"नाही ना. तिथे आतल्या खोलीत कोणीतरी गाढव बसतो. तोंड दाखवत नाही. नुसता निरोप पाठवतो... दोष आढळला नाही."

तरुणाचे कान हळूहळू लाल झाले. तिला वाटलं, थंडीने.

"गाढव असेलच असं नाही," तो हळूच म्हणाला. "कदाचित त्याच्यासमोर खरंच काही झालं नसेल."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"मी तसं—"

"सगळे हेच म्हणतात. मी तसं म्हणालो नाही. पण चेहऱ्यावर तेच असतं."

तिचा थांबा आला तेव्हा तोही उठला, डबा उचलून दुकानापर्यंत चालत आला, खांद्याने दार ढकललं, आणि कोट काढून गल्ल्यामागच्या खुंटीला असा अडकवला जसा रोज अडकवत असावा.

"तो गाढव मीच," तो म्हणाला. "दौरेन."

दुसरी कोणी असती तर लाजली असती. तोग्झानचा राग दुप्पट झाला.

"आणि अख्ख्या रस्ताभर तोंड उघडलं नाहीत?"

"तुम्ही उघडू दिलंत का?"

दुकानाचे मालक, ज्यांना सगळे आदराने तोख्तार-आगा म्हणत, हे ऐकून खो-खो हसले. पोटावर हात फिरवत ते म्हणाले, "मुली, खेळताना तू घाबरतेस. बोटं थरथरली की माणसाला पडदाच थरथरल्यासारखा वाटतो. आमच्या मशीनला काही झालेलं नाही."

दौरेनने डबा टेबलावर घेतला, कॉम्प्युटर आत काय काय करतोय ते दाखवणारा टास्क मॅनेजर एका कोपऱ्यात उघडून ठेवला, आणि गेम लावला. पडदा लोण्यासारखा सरकत राहिला. तोग्झान ओठ चावत बघत होती. डोळ्यांत पाणी आलं तर ते रागाचंच असणार होतं, पण ते कोणाला समजावत बसायचं?

"घरी होतं," ती म्हणाली. "शपथेवर सांगते."

दौरेनने प्रथमच तिच्याकडे नीट पाहिलं. "मग घरी येऊन बघतो."

"घरी जायची काही गरज नाही," तोख्तार-आगा एकदम म्हणाले. हसू गेलं होतं.

"सुट्टीच्या दिवशी जाईन, आगा. माझ्या वेळात."

शनिवारी सकाळी तो आला. तोग्झानच्या आईने, तिच्या अपाने, टेबलावर दुधाचा चहा, ताजे तळलेले पिठाचे गोळे, म्हणजे बाउरसाक, आणि जर्दाळूचा मुरंबा मांडला. पण तो थेट कॉम्प्युटरपाशी जाऊन जमिनीवर मांडी घालून बसला. आधी त्याने भिंतीवरच्या वेगळ्या प्लगमधून वीज घेतली. मग ब्रशने पंख्यांवरची धूळ काढली. मेमरीच्या पट्ट्या काढून पुन्हा घट्ट बसवल्या, तारा हलवून पाहिल्या. प्रत्येक खेपेला उठून तो स्वतःच थोडा वेळ गेम खेळायचा... आणि फार वाईट खेळायचा.

"डावीकडे. डावीकडे वळा ना. अहो, भिंतीला का गोळ्या मारताय?"

"भिंत सुंदर आहे म्हणून."

"हसू नका. मी तुमच्यावर अजून रागावलेली आहे."

"माहीत आहे. मी कुठे हस—" तो मध्येच थांबला. हात माऊसवरच राहिला. "आत्ता... आत्ता हा अडखळला."

"दिसलं तुम्हाला?"

"दिसलं."

एवढा एकच शब्द. पण तोग्झानला पटकन खिडकीकडे तोंड करावं लागलं. संपूर्ण हिवाळा ती हेच ओरडून सांगत होती, आणि आज पहिल्यांदा कोणी म्हणालं होतं, दिसलं. आनंद व्हायला हवा होता. झाला तो संतापच... हे एवढंसं ऐकायला एवढे दिवस का लागावेत?

दौरेनने घाईने टास्क मॅनेजर उघडला. अडखळणं थांबलं. बराच वेळ वाट पाहून त्याने तो बंद केला. थोड्याच वेळात पुन्हा उचकी. पुन्हा उघडला, पुन्हा सगळं सुरळीत.

"थांबा," तोग्झान म्हणाली. "तुम्ही तो उघडला की हा शहाण्यासारखा वागतो. मास्तर वर्गात आले की पोरं गप्प बसतात तसा. दुकानात तुम्ही तो कायम उघडा ठेवता ना?"

"कायम. त्याशिवाय तपासणार कसं..." त्याचं वाक्य अर्धंच राहिलं. मग त्याने गेम पूर्ण बंद केला, पडद्यावर काही म्हणजे काही ठेवलं नाही, आणि म्हणाला, "हात द्या. इथे मागे ठेवा, जाळीवर."

तिने तळवा जाळीवर टेकवला. त्याचा आधीपासून तिथे होताच. बोटांना बोटं लागली आणि दोघांनीही ती काढली नाहीत. आतून ऊन-ऊन वारा येत होता. काहीच चालू नसलेल्या यंत्रातून, भट्टीसारखा. दौरेनने दुसऱ्या हाताने टास्क मॅनेजर उघडला. पंख्याचा आवाज खाली आला... वारा हळूहळू कोमट झाला, मग गार.

"आत कोणीतरी आहे," तो कुजबुजला. "आपण बघायला लागलो की लपतंय."

तो सापडायला दुपार झाली. अगदी साध्यासुध्या नावाचा, कोणाच्या नजरेत भरू नये असा एक प्रोग्राम. तोग्झानच्या कॉम्प्युटरची ताकद आणि त्यांच्या घरची वीज वापरून तो दुसऱ्या कोणासाठी तरी आभासी नाणी, म्हणजे क्रिप्टोकरन्सी, तयार करत होता. तो कधी बसवला गेलाय ते दौरेनने पाहिलं, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"हा मी घातलाय."

"काय म्हणालात?"

"मशीन जोडली त्याच दिवशी. आगांनी दिलेल्या डिस्कवरूनच मी सगळ्या मशीनवर सिस्टिम चढवतो. मला माहीत नव्हतं, तोग्झान. खरंच—"

"माझे बाबा पोलादाच्या भट्टीवर घाम गाळतात," ती सावकाश म्हणाली. आवाज चढला नाही, पण अपाने किटली खाली ठेवली. "त्या पैशाने हा घेतला. मी सांगत होते की ह्यात काहीतरी आहे, आणि तुम्ही सगळे मला सांगत होतात की माझी बोटं थरथरतात. उठा तुम्ही."

"मला फक्त—"

"उठा."

"अगं, चहा तरी घेऊ दे त्याला," अपा म्हणाली.

"चहा नको आहे त्यांना."

तो गेला. जाण्याआधी त्याने तो प्रोग्राम मुळापासून काढून टाकला होता. संध्याकाळी तोग्झान खेळली तेव्हा पडदा पाण्यासारखा वाहिला, आणि तिला त्याचंही सुख लागलं नाही.

सोमवारी ती दुकानात पोचली ती तोख्तार-आगांना काय काय सुनवायचं ते मनात पक्कं करून. पण दौरेन आधीच गल्ल्यासमोर उभा होता, आणि कोट अंगातच होता.

"सगळ्या गिऱ्हाइकांना सांगायला हवं, आगा," तो म्हणत होता.

"सांग की. अवश्य सांग," तोख्तार-आगा शांतपणे म्हणाले. "मशीन कोणी जोडल्या? तू. सिस्टिम कोणी चढवली? तू. मी म्हणेन, पोराला पोटाशी धरलं आणि त्याने हे दिवे लावले. लोक कोणाचं ऐकतील?" तेवढ्यात त्यांना ती दिसली, आणि आवाजात मध उतरला. "ये मुली. तुझ्या मशीनमध्ये भारीतलं ग्राफिक्स कार्ड टाकून देतो. झालं गेलं आपल्या-आपल्यात राहू दे."

"तुमचं कार्ड तुमच्याकडेच ठेवा," तोग्झान म्हणाली. "मी इथे उभी राहून सगळं ऐकलंय."

दौरेन तिच्या शेजारून बाहेर पडला. थांबला नाही, काही मागितलं नाही. नुसती मान लववली.

त्याच दिवशी शहरातल्या खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर त्याने स्वतःच्या नावाने सगळं लिहिलं. आगांनीही शब्दाला जागून सगळा दोष त्याच्यावर ढकलणारं लिहिलं. मग जो तो दौरेनवर तुटून पडला... चोर, भामटा, वर साळसूदपणा. तोग्झानने लिहिलं, मी स्वतः ऐकलंय, मालकाचं काम आहे. लगेच कोणीतरी विचारलं, पुरावा? तिला हसावं की फोन फेकून द्यावा तेच कळेना. हा प्रश्न तिच्या चांगल्याच ओळखीचा होता.

त्यात कॅप्टन अल्दियारचा फोन आला. "तुला फसवलंच की त्या चोराने. बिचारी. ये परत टीममध्ये."

"येते. आधी सगळ्यांसमोर लिही की मी खोटं बोलत नव्हते, आणि बोटंही थरथरत नव्हती."

"एवढं काय त्यात..."

"आणि चोर तो नाही, हेही लिही."

पहिलं त्याने लिहिलं. दुसरं काही लिहिलं नाही. तोग्झान त्याच्या टीममध्ये गेली नाही. स्पर्धेला आणखी अवधी होता. टीम दुसरीही उभी करता येते.

आठवड्याच्या शेवटी अपा कचरा टाकून वर आली ती दारातूनच म्हणाली, "तुझा तो चहा न प्यालेला मुलगा तिसऱ्या मजल्यावर शिव्या खातोय."

तोग्झान घरातल्या सपातांवरच जिना उतरली. तिसऱ्या मजल्यावर थोराड अंगाचे म्हातारे शेजारी झाक्सिबेक-आगा दार अडवून उभे होते, आणि त्यांच्यासमोर हातात छोटी पिशवी घेऊन दौरेन. त्याच दुकानातून त्यांनी नातवासाठी कॉम्प्युटर घेतला होता.

"आधी घाण घालायची आणि मग साफ करायला यायचं," झाक्सिबेक-आगा गरजत होते. "लाज नाही वाटत?"

"वाटते, आगा," दौरेन म्हणत होता. "म्हणूनच आलो. दहा मिनिटं आत येऊ द्या. मग वाटेल ते बोला."

"आगा, बास," तोग्झान मध्ये घुसली. "ह्याला ओरडायचं असेल तर माझा नंबर आधी लागतो. माझं अजून संपलेलं नाही."

"तू ह्याची कोण?"

"फसवली गेलेली गिऱ्हाईक. तुमच्यासारखीच. तो तोख्तार माझ्यासमोर म्हणाला, मी ह्याच्यावर ढकलेन. तो तिकडे उबेत बसलाय, आणि हा दारोदार फिरून शिव्या खातोय. तुम्हाला ओरडायलाही नेमका हाच सापडला? कारण हा दारात आला म्हणून?"

म्हाताऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं, सपातांकडे पाहिलं, मग दौरेनकडे. आणि ते दारातून बाजूला झाले. "या आत. जोडे काढा."

काम झाल्यावर दोघं जिन्यात आले. वरच्या झरोक्यातून वितळत्या बर्फाचं पाणी टपटपत होतं. दौरेन एक पायरी खाली उभा होता, त्यामुळे डोळे डोळ्यांसमोर आले.

"सगळे म्हणतात मीच केलं," तो म्हणाला. "तुम्ही कसा विश्वास ठेवलात?"

"ज्याला खोटं बोलायचंय तो शिव्या खायला एवढे जिने चढत नाही."

"आणि... तुमचं अजून संपलं नाही म्हणालात."

"नाही संपलं." तिने श्वास घेतला. "मी चांगलीच चिडले होते तुझ्यावर. काय काय बोलायचं ते सगळं तयार होतं. आता एकही शब्द आठवत नाही, कारण तू मला आवडतोस. ह्याचाही मला रागच आलाय."

ती 'तू' म्हणाली होती. ते दोघांनाही एकदमच कळलं.

दौरेनने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. पुन्हा या हातात. "मला... मला हे आधी बोलायचं होतं. पण चोर म्हणून बोलायचं नव्हतं. आधी सगळी घरं संपवणार होतो, आणि मग—"

"किती घरं राहिलीत?"

"पुष्कळ. आता जायचंय ते जलाशयाच्या पलीकडे आहे. तिकडे बस जात नाही. बर्फातून चालत जावं लागतं."

"थांब," तोग्झान म्हणाली, "मी बूट घालून येते."