अंगठ्याच्या खुणेची बरणी

पटलं तर ऐका, नाहीतर सोडून द्या. पण हे घडलंय, आणि अमावास्येच्या रात्री वगैरे नाही... भर दुपारी.

१९७४ चा सप्टेंबर. नॉर्थ कॅरोलायनात, सीग्रोव्हच्या कुंभारांच्या रस्त्यावर, आमच्या कुंपणाला लागून असलेल्या घरात. तिथं वर्डी आणि तिचा नवरा हॉइट राहायचे.

हॉइट बिजवर. पहिली बायको आयनेझ वारली होती. वर्डीला तिचं नावसुद्धा खपायचं नाही. आयनेझनं दारात लावलेला गुलाब वर्डीनं आल्या आल्या मुळासकट उपटला. मी डोळ्यांनी पाहिलं.

हॉइट बिचाऱ्यानं तेव्हापासून आयनेझचं नाव काढणंच सोडलं.

वर्डीचा दुसरा जळफळाट म्हणजे तिच्या मॉडआजीची बरणी.

कोबी खारवायची मोठी बरणी होती ती. भट्टीत मीठ टाकून चढवलेली झिलई, संत्र्याच्या सालीसारखी खरखरीत. खाली आजोबांचा शिक्का. बायकांनी घडवलेल्या भांड्यावरही शिक्का पुरुषाचाच असायचा इथं. पण ओला कान चिकटवताना अंगठा दाबावा लागतो. ती खूण राहते. बायकांची सही तेवढीच.

त्या खुणेत वर्डीचा अंगठा लहानपणापासून चपखल बसायचा. धाकट्या बहिणीचा, नोलाचा, बसायचा नाही.

तरी आईनं मरताना बरणी दिली नोलाला!

शेवटी एका शनिवारी वर्डी नोलाच्या दारात जाऊन उभी राहिली.

"थोरली मी. आजीचा अंगठा माझ्यावर उतरलाय. बरणी माझी!"

"ने गं ताई, माझं काही अडलं नाही," नोला म्हणाली. "पण आईनं बजावलं होतं, वर्डीला देऊ नकोस म्हणून. का ते नाही सांगितलं."

"का म्हणजे? तू लाडकी ना! आजीनंच घडवली हे ओसीआजीकडून वदवून घेते. मग बघू कोण काय बोलतं."

बरणी घरी आली. वर्डीनं कोबी चिरला, मीठ चोळलं, वर दाबायला दगड ठेवला.

आणि नेहमीसारखा अंगठा खुणेत दाबला...

खूण ओली होती.

अंगठ्याला मऊ, ताजी माती लागली.

रविवारी चर्चहून आली, तर दगड जमिनीवर. कोरडा ठणठणीत. तिनं तो परत ठेवला, झाकण लावलं, पाठ फिरवली...

टक्.

आतून.

सोमवारी ती ओसीआजीकडे गेली. ओसी म्हणजे आजोबांची धाकटी बहीण. म्हातारी झाली होती, पण डोकं शाबूत.

"मॉडआजीचीच ना गं बरणी?"

ओसीनं फळीवरचा दुधाचा जग काढला. "हा मॉडनं घडवला. माझ्यासमोर. घाल अंगठा."

वर्डीनं घातला. त्या खुणेत तिचे दोन अंगठे मावले असते.

"मग... बरणी कुणाची?"

"डेल्फीची. दादाची पहिली बायको. तापानं गेली पोर. म्हणाली होती, माझ्या बरणीत दुसरीनं हात घालायचा नाही. मॉडनं हट्टानं घातला."

"मग काय झालं?"

"दादा मॉडला डेल्फी म्हणायला लागला. आधी ती भांडायची, भांडी फेकायची..." ओसीनं जग फळीवर परत ठेवला. "मग भांडेनाशी झाली. तुझ्या आईनं लहानपणी हे सगळं पाहिलंय. नोलाच्या नवऱ्याचं पहिलंच लग्न. तुझा हॉइट मात्र... वेडे, तुझ्यासाठीच दिली नव्हती तिनं!"

वर्डी घाईघाईनं घरी आली. बरणी उचलायची आणि नोलाकडे टाकून यायचं.

तेवढ्यात ओसरीवरून हॉइटची हाक आली.

"आयनेझ, पाणी आण गं!"

ती तीरासारखी बाहेर गेली. "काय म्हणालास?"

"पाणी म्हणालो. का?"

त्याला काही पत्ताच नव्हता.

हे सगळं त्याच संध्याकाळी कुंपणाशी उभी राहून तिनं मला सांगितलं.

मी म्हटलं, "अगं, मग आत्ता देऊन ये ना!"

"आणि ती नोला हसेल! आई शहाणी, ती गुणाची, मी मूर्ख! मरेन, पण तिच्या हातात देणार नाही."

हट्टापुढे कुणाचं चाललंय?

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी, मी त्यांच्या दारावरून चालले होते. वर्डी अंगणात उभी होती.

"वर्डी!" मी हाक मारली.

तिनं मान वळवली नाही.

"अगं वर्डी!"

नाहीच...

मग आतून हॉइट ओरडला, "आयनेझ!"

"आले हं!" ती म्हणाली. लगेच. गोड आवाजात.

वळताना ती थबकली. दाराजवळच्या मोकळ्या मातीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत असा राग, की मी एक पाऊल मागे सरले.

"इथला माझा गुलाब कुणी उपटला गं?"

मी तडक वळले. घरी आले.

कुंपणाकडची खिडकी मी अजून उघडत नाही.