तांदळाचा दाणा लावलेलं बटण

भाऊरावांनी दुपारी कॉम्प्युटर लावला तो पाठवलेल्या मेल पुसायला.

सरकारी गाडी चालवण्यात जन्म गेला. सातवीपुढे शाळा नाही. काचबिंदूने दोन्ही डोळे नेले, तरी पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज आणि कीबोर्ड एवढ्यावर ते आपली कामं आपण करत. पडदा बंदच ठेवत. आंधळ्याला उजेड कशाला?

सकाळी ऑफिसला निघताना समाधान म्हणाला होता, "बाबा, ताई रविवारी येतेय. आईच्या पुण्यानुमोदनाला, वर्ष झालं ना."

"येऊ दे."

"तिला ती मेल बघायचीय. म्हणते, बाबांनी केली असेल तर सेंट फोल्डरमध्ये असेलच."

"बघू दे की. मी काय खोटं बोलतो?"

खोटंच होतं ते. नीलमने बापाच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हापासून भाऊरावांनी तिला टाकलं होतं. गेल्या थंडीत बायको, कौसल्या, आतल्या खोलीत ऑक्सिजनच्या मशीनवर पडली आणि तिने लेकीचा धोसरा धरला. भाऊरावांनी मेल लिहिली, कौसल्येला ऐकू जाईल अशी आवाजाकडून वाचून घेतली : नीलम, आई वाट बघते आहे. ये. मग कानाला हेडफोन लावला आणि सगळं पुसून टाकलं.

"गेली का हो?" आतून तिने विचारलं.

"गेली."

दाराकडे तोंड करूनच कौसल्येने प्राण सोडला. आणि यांनी चार माणसांत सांगितलं, कळवूनही पोरगी आली नाही.

आता सेंट रिकामं करायचं. म्हातारपणी चुकून उडालं म्हणायचं.

बाहेर धुकं होतं. गाझियाबादचा सगळा गोंगाट गोधडीखाली घातल्यासारखा वाटत होता. त्यांनी सगळं निवडलं, डिलीट दाबलं.

"पुसले," आवाज म्हणाला.

त्यांनी हात मांडीवर घेतले. जे बटण दाबावं त्याचं नाव हा आवाज घेतो. दाबलं नाही तर गप्प असतो.

"कंट्रोल झेड," तो म्हणाला.

भाऊराव थिजले. पुसलेलं परत आणायचं ते बटण. कौसल्येला कॉम्प्युटरमधलं तेवढंच येई. नीलमने शिकवलं होतं, "आई, बाबांचं काही चुकलं की हे दाब." भाऊरावांना सापडावं म्हणून कौसल्येने झेडवर डिंकाने तांदळाचा दाणा चिकटवला होता.

सेंटमधल्या मेल परत आल्या.

"कोण आहे?..."

त्यांनी कीबोर्डची वायर हिसकून काढली, हाताला गुंडाळली. मग दाण्यावर बोट ठेवलं.

बोटाखाली बटण आपसूक खाली गेलं.

"कंट्रोल झेड," आवाज म्हणाला. थांबला. मग वाचू लागला, "नीलम, आई वाट बघते आहे. ये."

खोलीत कौसल्येच्या बामाचा वास आला. पुन्हा दाणा बोटाखाली बुडाला. आणि आतल्या खोलीत घरघर सुरू झाली. ऑक्सिजनचं मशीन. भाड्याचं होतं, त्यांनी स्वतः परत पाठवलं होतं.

"गेली का हो?..."

गेली, हा शब्द जिभेवर आला. तिथेच अडकला.

"पाठवा. बटण," आवाज म्हणाला.

एंटर दाबायचं, बस. भाऊरावांनी दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. तेव्हा आठवलं, वायर आपणच काढली आहे. ते गुडघ्यांवर टेबलाखाली शिरले, कॉम्प्युटरच्या डब्यामागे चाचपू लागले. वायरचं टोक भोकात बसेना. उलटं केलं, बसेना.

"थांब," ते म्हणाले. "थांब गं, पाठवतो."

घरघर थांबली.

संध्याकाळी समाधान आला तेव्हा ते तिथेच बसले होते, वायर मुठीत. त्याने दिवा लावला. आत गेला. दार ढकलल्याचा आवाज आला, मग पुन्हा ढकलल्याचा.

"बाबा," तो म्हणाला, "आईच्या खोलीला आतून कडी कोणी लावली?"